रांगेतला ऊस

माझ्या लग्नात त्यांनी जिलेबीचा पाक तपासला. पंगत बसली होती, वाढपी परात घेऊन फिरत होते, आणि हा मनुष्य खिशातून एक पितळी नळी काढून, तिच्या काचेवर बोटाने पाकाचा थेंब सोडून, मांडवाच्या फटीतून येणाऱ्या उन्हाकडे तोंड करून एक डोळा मिटून उभा. माझ्या सासूबाईंना वाटलं, फोटोग्राफर आहे. नळी रुमालाने पुसून खिशात ठेवली आणि आचाऱ्याला बोलावून म्हणाले, "पाक जरा लवकर उतरवलात." आचारी कसला ऐकून घेतोय! तो म्हणाला, "साहेब, आपण मुलीकडचे की मुलाकडचे?"

"मी साखरेकडचा," ते म्हणाले आणि जिलेबी न खाताच पानावरून उठले.

मी त्यांच्याकडे सातेक वर्षं नोकरी केली. बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. पनवेलात तेव्हा मुलीला नोकरी म्हणजे बँक, शाळा, नाहीतर तळोज्याला एखाद्या कंपनीच्या ऑफिसात टायपिंग. कोणीतरी सांगितलं, गावाबाहेर खाडीच्या अंगाला उसाचं संशोधन केंद्र आहे, तिथे रसायनशास्त्र शिकलेली मुलगी हवी आहे. वडील म्हणाले, "पनवेलला ऊस? रसवंतीला लागतो तोसुद्धा ट्रकने बाहेरून येतो. नीट चौकशी कर, फसवाफसवी असेल." आमच्याकडे भात, नाहीतर मीठ. ऊस म्हणजे देशावरची गोष्ट, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

पण उसाची एक गंमत आहे, ती मला तिथे गेल्यावर कळली. शेतकरी ऊस लावतो तो कांडी पुरून. बी लागतं ते फक्त नवी जात काढणाऱ्याला. बी धरायचं तर उसाला तुरा यायला हवा आणि तुऱ्याला दमट हवा मिळायला हवी. देशावरच्या कोरड्या हवेत तुरा आला तरी बी बहुतेक पोचट निघतं. म्हणून तिकडच्या काही साखर कारखान्यांच्या गटाने समुद्राजवळ चार एकर जागा घेऊन ठेवली होती. विहीर, पत्र्याची प्रयोगशाळा, रस काढायचा एक चरक, दहा-अकरा माणसं, आणि त्या सगळ्यावर हे सर. आम्ही सर म्हणायचो, मजूर सायेब म्हणायचे. अंगात खाकी हाफपँट. पाहुणे येणार असले की त्याच हाफपँटीवर पांढरा शर्ट आणि टाय. त्यात काही विचित्र दिसतं, असं त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती.

मुलाखतीत त्यांनी माझं सर्टिफिकेट उघडलंसुद्धा नाही. टेबलावर दोन चंचुपात्रं ठेवली. "एकात साखरेचं पाणी आहे, एकात मिठाचं. माझ्या नळीतून बघितलं तर आकडा सारखाच दिसतो. साखर कुठल्या पाण्यात आहे, कसं ओळखाल?"

मी तशी तोंडाळ. म्हटलं, "चाखून बघेन."

"आणि विष असलं तर?"

"तुम्ही कशाला पाजाल? मग तुम्हाला पुन्हा जाहिरात द्यावी लागेल."

ते हसले नाहीत. नुसतंच म्हणाले, "ब्रिक्स बरं आहे. उद्यापासून या."

ब्रिक्स म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकते, कारण सरांचं सगळं बोलणं त्यावरच चालायचं. उसाच्या रसात जे काही विरघळलेलं असतं, साखर, क्षार, चिकटा, सगळं धरून जो आकडा येतो तो ब्रिक्स. ती पितळी नळी एवढंच सांगते. त्यातली खरी साखर किती, हे बघायला वेगळं यंत्र लागतं आणि खूप खटपट लागते. ब्रिक्स भरपूर आणि साखर बेताची, असा ऊस असतो. माणसंही तशीच असतात, असं सरांचं ठाम मत होतं. भाषण ठोकून गेलेल्या पुढाऱ्याबद्दल म्हणायचे, "ब्रिक्स बावीस, साखर नऊ." बँकेचा मॅनेजर, त्यांचा सख्खा मेहुणा, पुण्याहून येणारे मोठे शास्त्रज्ञ, कोणी सुटायचं नाही. लग्न ठरल्यावर मी होणाऱ्या नवऱ्याला केंद्र दाखवायला घेऊन गेले होते. तो गेल्यावर मी विचारलं, "कसा वाटला, सर?" तर म्हणाले, "अजून गाळप व्हायचंय. आत्ताच काय सांगू?" मला असा राग आला होता! नवऱ्याला मात्र हे इतकं आवडलं की अजून सांगत असतो.

एस.टी. स्टँडसमोरच्या रसवंतीवाल्याशी त्यांचं कायमचं वाजलेलं. संध्याकाळी घरी जाताना तिथे थांबायचे, ग्लास घ्यायचे, थेंब काचेवर, डोळा उन्हाकडे. "अहो, ऊस चांगला आहे तुमचा. रसाची काय दशा केलीत? अर्धं बर्फाचं पाणी." रसवंतीवाला पुरंदरकडचा, चांगला बनेल. म्हणाला, "साहेब, ह्या उन्हात लोक बर्फच प्यायला येतात. रस आपला रंगापुरता." सरांनी पैसे दिले आणि ग्लास तसाच ठेवून निघाले. पुढे तर त्या पठ्ठ्याने कहर केला. सर लांबून दिसले की घुंगरं वाजवत ओरडायचा, "या, या, सायंटिस्टांनी तपासलेला रस!" आणि गिऱ्हाईक खरंच वाढलं. सर चिडले, चार दिवस पलीकडच्या फुटपाथने गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तिथेच.

दिवाळीच्या सुमाराला केंद्रावर धांदल असायची. तुरे बाहेर पडायचे. मग एका जातीचा तुरा दुसऱ्या जातीच्या तुऱ्यावर बांधायचा, आणि परका पराग आत शिरू नये म्हणून दोघांवर मिळून पांढऱ्या कापडाचा मोठा कंदील चढवायचा. चार एकरांत पांढरे कंदीलच कंदील. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, इथे कोणाची तरी दिवाळी जोरात आहे. पराग झडतो तो उजाडताना, म्हणून त्या दिवसांत सर पहाटेपासून शेतात. नाक वर करून वारा हुंगायचे. तळोज्याच्या कारखान्यांचा वास आला की हात वर करून सगळं काम थांबवायचे. "आज नको. आज त्यांना मळमळेल." त्यांना म्हणजे तुऱ्यांना. माणसांना मळमळतंय का, हे कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

कंदील चढवायला बांबूच्या मचाणावर चढावं लागायचं, आणि त्यात बारकीचा हात कोणी धरू शकायचं नाही. बारकी डोंगराखालच्या वाडीतली. वय माझ्याएवढंच असेल. बायकांच्या टोळीची पुढारी ती, आणि सायबाला तोंडावर बोलणारीही तीच. तिचं सगळं लहानपण वीटभट्टीवर गेलेलं. पावसाळा संपला की घरादारासकट भट्टीवर जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. शाळा, औषध, काही नाही. केंद्रावर तिला बारमाही काम लागलं आणि तिच्या घरचं भट्टीवर जाणं बंद झालं. धाकटी बहीण शाळेत जायला लागली. त्या शाळेतल्या बहिणीचं कौतुक बारकी दिवसातून एकदा तरी आम्हाला ऐकवायची. "माजी भैन विंग्रजी वाचते," असं म्हणायची आणि माझ्याकडे बघायची, मी नीट ऐकलं की नाही ते.

उसाच्या नव्या रोपांना नाव द्यायचं नाही, हा सरांचा नियम होता. फक्त नंबर. म्हणायचे, "नाव ठेवलं की माणूस त्याच्यासाठी खोटं बोलायला लागतो." बायकांना नंबर लक्षात राहायचे नाहीत, त्यांनी आपली नावं पाडलेली. लंगडी, काळूबाई, मास्तर. सरांसमोर नंबर, पाठीमागे नावं. सरांना सगळं ऐकू जायचं, पण जणू ऐकू गेलंच नाही असं वागायचे.

एका वर्षी सांगलीकडचा नवा मुकादम आला. उसाच्या घरातला, तीन पिढ्यांचा ऊसवाला. मोठा कामसू माणूस. आल्या आल्या शेत बघून त्याने कपाळाला हात लावला. सगळा ऊस तुऱ्यावर! त्याच्याकडे तुरा आला म्हणजे ऊस हातचा गेला, आत पोकळ पडायला लागला, वजन घटलं, आणि गावात शोभा झाली ती वेगळीच. सर दोन दिवस बैठकीला पुण्याला गेले होते. मुकादमाने विचार केला, साहेब साधा माणूस, शहरातला, त्याला काय कळतंय. कोयता घेतला आणि कंदील उतरवून सगळे तुरे साफ छाटले. बारकी ओरडत होती, तिला म्हणाला, "तू गप बस, तुला उसातलं काय कळतंय?" छाटलेल्या तुऱ्यांची बांधाला नीट रास लावून ठेवली, साहेबांना दाखवायला.

सर आले. आम्ही सगळे पत्र्याच्या आडोशाला, आता काय होतंय म्हणून. वर्षभराचं काम बांधाला पडलेलं. सरांनी रास बघितली, एक तुरा उचलून बघितला. म्हणाले, "कापलेत मात्र सुबक." मग मुकादमाला चहाला घेऊन बसले. त्याच्या वडिलांचं शेत केवढं, पाणी कुठलं, तोडलेल्या उसाचा खोडवा किती वर्षं ठेवतात, दुपारभर हेच. दुसऱ्या दिवशीपासून मुकादमाला कंदील शिवायच्या कामाला लावलं. आपण काय केलं हे त्याला कळलं तेव्हा तो बिचारा आठवडाभर जेवला नाही.

मी सरांना विचारलं, "तुम्हाला राग कसा आला नाही?"

"का यावा? त्याने उसाचं भलंच केलं. आपलंच काम उलटं आहे, त्याला तो काय करणार?" गटाच्या ऑफिसला त्यांनी फोनवर सांगितलं, यंदाचे तुरे माझ्या हलगर्जीने गेले. मी तिथे उभी होते. हाच माणूस, आमच्या एका सहायकाने यंत्रावरचा आकडा नजरेने जरासा वर ढकलला, तर त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हता. चुकलेल्या माणसाला चहा आणि गोड दिसावं म्हणून आकडा ढकलणाऱ्याला वाळीत, असा न्याय होता तिथला.

आता त्यांच्या सगळ्यात मोठ्या वेडाचं सांगते. केंद्रावरची प्रत्येक नवी जात शेवटी रांगेत लागायची. रांग म्हणजे प्रयोगशाळेमागचं उघडं अंगण. तिथे ऊस तोडून, मोळ्या बांधून, तीन दिवस उन्हात टाकून द्यायचा आणि मग गाळायचा. जगात बाकी सगळे ताजा ऊस तपासतात. पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे, गटाचा नियमही तोच. सर तरुणपणी देशावरच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. तिथे दारात बैलगाड्यांची रांग त्यांनी रोज बघितलेली. गाडीवान गाडीखालीच झोपायचे, गाडीखालीच भाकरी खायचे, बैल पुढच्या गाडीतल्या उसाचे हिरवे वाढे ओढून खायचे, आणि ऊस तिथेच वाळत पडायचा. सर म्हणायचे, "अहो, कारखान्यात ताजा ऊस जातो कुठे? पुस्तकातला ऊस शेतातून थेट चरकात येतो. आपला ऊस आधी रांगेत उभा राहतो." ऊस तोडला की आतली साखर हळूहळू फुटायला लागते. काही जाती चार दिवस तग धरतात, काही दुसऱ्या दिवशीच आंबतात. म्हणून रांग. त्या अंगणात आंबूस वास, गांधीलमाश्या, चिलटं. मला त्याचा मनस्वी कंटाळा. रोज सकाळी सर आले की पहिला प्रश्न, "बाई, रांगेत कोण कोण आहे?" मला ते पहिल्या दिवसापासून बाई म्हणायचे.

अशात एक रोप निघालं. फिकट कांड्याचं, सरळसोट, लोळायचं नाव नाही. बारकीने त्याला गोरी म्हणायला सुरुवात केली आणि आम्ही सगळेच म्हणायला लागलो. गोरीचा रस म्हणजे काय सांगू! ब्रिक्स वर, आणि त्यात जवळजवळ सगळी साखरच. मी आकडा दोनदा-तीनदा घ्यायची, माझाच विश्वास बसायचा नाही. पण एका बेटापासून वाढवायची तर प्रत्येक कांडी बेण्याला, म्हणजे पुन्हा लावायलाच हवी. दोन-चार कांड्यांचा ताजा रस तपासायचा, बाकीचं सगळं पुन्हा मातीत. तीन दिवस उन्हात वाळवायला ऊस उरायचाच नाही. तीन-चार वर्षं अशीच गेली. सर तिला नंबरानेच हाक मारायचे, पण उजाडताना शेतात शिरले की आधी तिच्याकडे जायचे, हे आम्हाला दिसत होतं.

तेवढ्यात पनवेलच्या जागांना भाव यायला लागला. खारघरला मोजणीवाले फिरत होते, तिथे मोठं शहर होणार म्हणत होते. आमच्या चार एकरांकडे गटाच्या ऑफिसातले लोक वेगळ्याच नजरेने बघायला लागले. इतकी वर्षं झाली, एकही जात बाहेर पडली नाही, मग केंद्र ठेवायचं कशाला? विकून टाका. शेवटी असं ठरलं की गटाची समिती येईल, गोरीचं गाळप समोर बघेल. पास झाली तर गोरी शेतकऱ्यांना सोडायची आणि केंद्र चालू ठेवायचं. नाही तर बंद. हे सगळ्यांना माहीत होतं. बारकी तर रोज विचारायची, "आपली गोरी पास व्हईल ना?" मी म्हणायची, "अगं, डोळे मिटून."

त्या वर्षी पहिल्यांदा गोरीचा ऊस भरपूर होता. समितीच्या आधीच्या आठवड्यात सर म्हणाले, "बाई, तिला रांगेत लावा."

पहिल्या दिवशी काही विशेष नाही. दुसऱ्या दिवशी मोळीला वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी मी रस काढला तो तार धरत होता. यंत्रात बघितलं. साखर अशी कोसळली होती की मला वाटलं मोळी बदलली. सरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. त्यांनी स्वतः केलं, तरी तेच. स्टुलावर बसून राहिले. नंतर उठून ग्लास धुवायला लागले. ते काम माझं होतं.

मी म्हटलं, "सर, नियमात ताजाच ऊस आहे. आपण ताजा गाळू. त्यात खोटं काहीच नाही."

"नाही, खोटं नाही," ते म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. समितीच्या तीन दिवस आधी पुन्हा एक मोळी रांगेत टाका."

मी अक्षरशः हात जोडले. "सर, त्या एका दिवशी तरी राहू द्या. आपली दहा-अकरा घरं आहेत या चरकावर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते त्यांचे. "मला मोजता येतात हो, बाई," एवढंच म्हणाले.

समिती आली. हाफपँट, टाय, सगळं होतं. आधी ताजी गोरी गाळली. आकडा मी वाचला तेव्हा अध्यक्षांनी टाळी वाजवली, कोणीतरी पेढ्यांचा पुडा सोडला. बारकी खिडकीतून बघत होती, तिने मागे वळून बायकांना हातवारे केले. मुकादमाचे डोळे भरून आले. इथे थांबलं असतं तर सगळं झालं असतं.

सर म्हणाले, "आता रांगेतला ऊस."

अध्यक्ष हसून म्हणाले, "त्याची काय गरज? नियमात नाही."

"फार वेळ लागणार नाही."

चरकातून तो चिकट रस आला. वास सगळ्या खोलीत पसरला. मी आकडा वाचला, कसा वाचला माझं मला माहीत. पेढ्याचा पुडा टेबलावर तसाच उघडा राहिला. एक संचालक म्हणाले, "आमच्याकडे ऊस एवढा थांबत नाही हो. एका दिवसात गाळतो आम्ही." बाकीच्यांनी खाली बघितलं.

"आत्ता तुमच्या दारात किती गाड्या उभ्या आहेत?" सरांनी विचारलं.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. त्याला केंद्र वाचवायचंच होतं. तो खुर्ची पुढे ओढून समजुतीने म्हणाला, "सर, आत्ता सोडू तर द्या. पुढे सुधारा. आता नाही म्हणालात तर मला हे वाचवता येणार नाही. तुम्ही फक्त शिफारस करतो म्हणा."

"एकदा लावला की हा ऊस शेतात तीन-चार वर्षं राहतो, साहेब. एकाने लावला की गाव लावतं. दोन वर्षांत चार जिल्ह्यांत पसरेल. मग तुमच्या दारात वाळेल. साखरेचा उतारा पडला की उसाचा भाव पडतो, तो सगळ्यांचाच, ज्याने दुसरा ऊस लावला त्याचाही." थांबले. "मी शिफारस करणार नाही."

"विचार करा."

"आठवडाभर तेच करतोय."

समितीच्या गाड्या गेल्यावर सर टाय सोडून शेतात गेले आणि गोरी उपटायला सांगितली. सगळी. एकेका कांडीला कोंब फुटायचे डोळे असतात, एक डोळा जरी कोणी खिशातून नेला तरी ती पसरणार. बारकी म्हणाली, "येक बेट राऊ द्या. माज्या दारात लावीन. खायला." सर नाही म्हणाले. बायकांनी मुळासकट खणून काढली, मुकादमाने रास केली, आणि जिथे बेण्याला गरम पाण्याची आंघोळ घालायचो त्या टाकीत पाणी उकळून कांड्या शिजवल्या. बारकीने त्या दिवशी बहिणीचं कौतुक एकदाही ऐकवलं नाही. ते मला सगळ्यात जड गेलं.

केंद्र बंद करायचा निरोप यायला फार दिवस लागले नाहीत. मला कुठेही नोकरी मिळाली असती, मिळालीही. मुकादम गावी गेला. पण माझा संताप संताप होत होता. एवढा कसला सोवळेपणा! स्वतःची पेन्शन शाबूत आणि भुर्दंड दुसऱ्यांना. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "बरोबर आहे." मग म्हणाले, "मला एकेकाच्या घरी जायचंय. कामावर बोलावून सांगणं बरं नाही. बारकीच्या वाडीची वाट तुम्हाला माहीत आहे ना?"

रिक्षा जाईल तिथपर्यंत रिक्षा, मग बांधाबांधाने चालत. उन्हाची वेळ. बारकी दारात बसून भट्टीवर न्यायचं सामान बांधत होती. दोन पातेली, एक गोधडी. धाकटी बहीण कुडाला टेकून उभी होती, शाळेचा फ्रॉक घातलेला. निरोप आमच्या आधीच पोचला होता.

सर उभेच राहिले. कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"केंद्र बंद झालं, बारके."

"म्हायती हाय."

"मी सांगायला आलो."

बारकीने गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली. मग वर बघितलं. "सायेब, गोरी गोड व्हती का नाय?"

"होती. खूप गोड होती."

"तुमी हो बोलला असता तर कोन काय बोलनार व्हता?"

"कोणी काही बोललं नसतं."

"मंग तुमी आमच्या पोटावर पाय दिला."

मला वाटलं, आता ते समजावून सांगतील. रांग, गाड्या, साखर कशी फुटते, उतारा. जन्मभर ज्याला त्याला समजावत आलेला माणूस. त्यांनी तोंड उघडलंही, आणि परत मिटलं.

"दिला," ते म्हणाले.

बारकी त्यांच्याकडे बघत राहिली. "येक इचारू? खरं सांगा. उद्या परत तशीच येळ आली तर?"

बहीण एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"परत तेच करीन," ते म्हणाले.

बारकी उठली. बहिणीला दंडाला धरून आत घेतलं आणि दाराला आतून ताटी ओढून घेतली. वाडीत दिवसाढवळ्या कोणी ताटी लावत नाही. आजूबाजूच्या घरांतून माणसं बघायला लागली.

ऊन डोक्यावर आलं होतं. मी म्हटलं, "सर, चला आता."

"थांबा बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "तिने जा म्हटलेलं नाही अजून."